साडेचार इंच

९ जानेवारी

हातोडीबाईस मावशीचे खूप खूप आशीर्वाद.

आधी सगळ्यांची चौकशी करून घेते, नाहीतर बोलण्याच्या भरात राहून जाते. तुझा खांदा कसा आहे? दोराला लटकून पुलाच्या पोटाखाली हातोडीने ठोकठोक करत फिरायचं आणि वर खांदा दुखतो म्हणायचं. दुखणार नाही तर काय गाणं म्हणणार? जावईबापूंचा खोकला गेला का? दिवसभर कवळ्या घासायच्या म्हणजे ती भुकटी नाकात जाणारच, तोंडाला फडकं बांधा म्हणावं. त्यांनी करून दिलेली माझी कवळी झकास बसली आहे, फक्त ‘श’ म्हणताना शिट्टी वाजते, त्यामुळे शेजारणीला मी हल्ली ‘शेजारीण’ म्हणत नाही. त्यांच्या आईंचा गुडघा काय म्हणतो? आणि तुमची म्हातारी मांजर अजून खिडकीतली जागा अडवूनच असते ना?

इकडे काका ठणठणीत. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान नेले, पण नको ते अजून नेमकं ऐकू येतं. आमची लेक बटण शाळेत पोरांना पळायला आणि पोहायला शिकवते. घरी आली तरी तिची शिट्टी गळ्यातच. एक तिची शिट्टी आणि एक माझी कवळी. ऐकू येत नाही हे काकांचं नशीबच.

दुकानात मात्र या वर्षी माझी फजिती झाली. तुला ठाऊक आहे, कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, म्हणून वर्षाच्या पहिल्या दिवशी मी ती पोलादी पट्टीवर ठेवून तपासते. यंदा ती चांगली अर्धा इंच लांब निघाली. म्हणजे किती महिने कोण जाणे, मी सगळ्या बायकांना आहेत त्यापेक्षा बारीक मोजत होते, आणि कापायचं मात्र पट्टीने. कपडे घट्ट झाले म्हणून सहा जणी भांडायला आल्या होत्या आणि मी प्रत्येकीला सांगितलं होतं, “बाई, तूच सुटली आहेस.” आता एकेकीच्या घरी जाऊन माफी मागते आहे. चार झाल्या. पाचवी दार उघडत नाही.

तुला नवी टेप पाठवते आहे, तपासून घेतलेली. तुला काय उपयोग म्हणशील, पण घरात असावी.

त्या मोठ्या पुलाच्या कामाचं काय ठरलं? तुझ्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली, तिच्यामागे तुझी खबरबात घेणारी मीच. फोनवर मी नुसतं “बरं, बरं” करते, म्हणून लिही.

तुझी मावशी


२१ जानेवारी

प्रिय मावशी,

टेप मिळाली. माझा खांदा बरा, यांचा खोकला अर्धा बरा, सासूबाईंचा गुडघा हवामान सांगतो आणि मांजर आता माझ्या उशीवर झोपते. यांनी कवळी परत मागवली आहे, शिट्टी काढून देतो म्हणतात. मी सांगितलं, राहू द्या, तिला करमणूक आहे.

मोठ्या पुलाचं काम मला मिळतंय, मावशी. बत्तीस खांब आहेत. पाया खणण्यापासून शेवटचा थर पडेपर्यंत तपासणीची जबाबदारी माझी. तीन वर्षं तिकडे पाण्यावरच्या तात्पुरत्या खोल्यांमधून राहावं लागेल. यांना इथलं काम सोडता येणार नाही, महिन्यातून एकदा भेट. दहा मार्चला सही करायची आहे.

आणि मूल? तू विचारत नाहीस, म्हणून मीच सांगते. आम्हाला हवं आहे. अगदी हवं आहे. मी चौतीस वर्षांची आहे, म्हणून सही करण्याआधी कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना भेटून आले. त्यांनी विचारलं, आईची पाळी कोणत्या वर्षी थांबली? मला कुठे माहीत, आई असल्या गोष्टी बोलायची नाही. मग मावशीचं विचारलं. मी म्हटलं, माझ्या मावशीला चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिलं मूल झालं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आपल्याकडे मुलीचं बरंचसं आई-मावशीसारखं असतं, म्हणजे तुमच्याकडे वेळ दिसतोय. तरी त्यांनी एक फॉर्म दिला आहे, मावशीकडून भरून आणा म्हणाल्या. तो सोबत आहे. तुझं आणि आईचं वय तेवढं घाल.

खरं सांगू? गेली दहा वर्षं कुणी “कधी?” म्हणून विचारलं की मी मनात तुझं नाव घेते. बारा वर्षांची होते मी. वसतिगृहातून सुट्टीला घरी आले तर तू आमच्या मधल्या खोलीत पडलेली आणि शेजारी मुठीएवढी बटण. आई म्हणाली, मावशीला बाळ झालं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. जिची मावशी अशी, तिने कशाला घाबरायचं?

फॉर्म लवकर पाठव.

तुझी हातोडी


२ फेब्रुवारी

हातोडीबाई,

सगळे बरे आहात हे वाचून बरं वाटलं. कवळी परत पाठवत नाही.

फॉर्म मिळाला. पण काकांनी माझा चष्मा कुठेतरी ठेवला आहे, अक्षर बारीक आहे, सावकाश भरते. पाचव्या बाईने दार उघडलं. तिने मला चहा दिला आणि स्वतःच कबूल केलं की थोडी ती सुटली आहेच, पण अर्धा इंच माझा. सहावी गाव सोडून गेली आहे.

बत्तीस खांब म्हणजे केवढा पूल असेल. काकांना सांगितलं तर त्यांनी कागदावर काढून बघितला. पण सही करायची एवढी घाई कशाला? दहा मार्चला केली काय, महिन्याने केली काय. जरा थांब. एखाद्या मोठ्या दवाखान्यात नीट दाखवून घे, रक्तबिक्त तपासून घे. हल्ली सगळं कळतं म्हणे.

आज हात दुखतो आहे म्हणून एवढंच.

मावशी


१४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू मला कधी “जरा थांब” म्हणाली नव्हतीस. सगळे नातेवाईक नाकं मुरडत होते, तेव्हा पुलाखाली लटकायचा माझा पहिला पट्टा तू शिवून दिलास, चार पदरी. आता तुलाही वाटायला लागलं का, की बाईने तीन वर्षं नवऱ्याला सोडून पाण्यावर राहू नये? तसं असेल तर सरळ लिही. चष्म्याच्या आड लपू नकोस. तुझं अक्षर पत्रात नेहमीसारखं सुबक आहे, म्हणजे चष्मा नाकावरच होता.

मला राग नाही, वाईट वाटलं. फॉर्मची वाट बघत नाही. मला ठाऊक होतं ते मीच लिहून दिलं: मावशी, पहिलं बाळंतपण चव्वेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरीणबाईंनी शेरा मारला की आणखी तपासण्यांची सध्या गरज नाही, तीन वर्षांनी या.

खूश असशील तर कळव.

हातोडी


२४ फेब्रुवारी

माझ्या पोरी,

आज चौकशी शेवटी करीन. आधी मला बोलू दे, नाहीतर पुन्हा हात दुखेल.

तू फॉर्ममध्ये लिहिलंस ते खोटं आहे. खोटं तुझं नाही, माझं आहे.

मला मूल झालं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षीही नाही आणि त्याआधीही नाही. चोविसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हापासून सोळा वर्षं आम्ही वाट पाहिली. दर महिन्याला चार दिवस उशीर झाला की मी बाळाचा अंगरखा बेतायला घ्यायची, आणि मग तो कपाटाच्या तळाशी जायचा. माझी पाळी चाळिसाव्या वर्षी गेली, कायमची. तुझ्या आईची एक्केचाळिसाव्या. आम्ही दोघी बहिणी त्या बाबतीत लवकर आटोपलेल्या. आमची आई पण तशीच, असं तुझी आई म्हणायची. आता हे फॉर्ममध्ये लिही, आणि दहा मार्चच्या आत त्या बाईंच्या समोर ठेव.

बटण कोणाची, ते सांगते. नाव सांगणार नाही, तो शब्द मी दिला आहे आणि तो मोडत नाही. दुकानात एक गिऱ्हाईक यायची, गणवेशाच्या नोकरीतली, सव्वीस-सत्तावीसची, एकटी. त्या जानेवारीत तिने गणवेश शिवून घेतला. फेब्रुवारीत आली, कंबर सैल करा. मार्चमध्ये पुन्हा आली. टेप लावली की बाईच्या पोटातलं सगळं शिंप्याला आधी कळतं, डॉक्टरच्याही आधी. तिसऱ्या वेळी मी शिवण उसवली, मापाचा गणवेश घालून तिला आरशापुढे उभी केली, आणि पुढचं बटण ताडकन उडून माझ्या मशीनखाली गेलं. ती खाली बसली आणि रडायला लागली. ज्याचं होतं तो पळाला होता. तिला नोकरी सोडून चालणार नव्हतं, मूल ठेवून चालणार नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि माझ्या तोंडून शब्द गेले, “मला दे.”

पुढचं तुझ्या आईने जमवलं. मार्चअखेर मी तिला घेऊन तुमच्या घरी आले. इकडे मी सगळ्यांना सांगून आले होते की मला दिवस राहिलेत, वय झालं आहे, बहिणीकडे विश्रांतीला जाते. जूनमध्ये ती बाळंत झाली. कागद रीतसर केले, कोर्टात सह्या केल्या, त्यात लपवाछपवी नव्हती. लपवलं ते लोकांपासून. तिची अट होती की कुणाला कळू नये. आणि खरं बोलायचं तर ती अट मला गोड लागली. सोळा वर्षं जिला “काही नाही का अजून?” विचारत होते, तिला एकदा तरी “झालं” म्हणायचं होतं. तू सुट्टीला आलीस तेव्हा मी त्या खोलीत का पडले होते माहीत आहे? मला ताप होता.

तुझी आई म्हणायची, पोरीला मोठी झाल्यावर सांगू. मग ती गेली. आणि मी बघत राहिले की तू माझ्याकडे बघून चालते आहेस. मला ते आवडायचं. ताणलेल्या टेपने मी तुलाही मापलं, पोरी, आणि हे अर्धा इंचाचं नाही.

तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा तो फॉर्म मी दोनदा मशीनच्या खणात ठेवला आणि दोनदा काढला. सांगावं तर बटणला काय वाटेल? न सांगावं तर तुझी तीन वर्षं जातील, आणि ती मला शिवून परत देता येणार नाहीत. मी काकांना विचारलं. दोनदा ओरडून विचारावं लागेल वाटलं होतं. एकदाच विचारलं, हळू, आणि त्यांना ऐकू आलं. “आधी बटणला सांग,” म्हणाले. “मग हिला.”

परवा दुपारी दुकान बंद ठेवलं. बटणला कापायच्या टेबलापाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. तिने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, त्या वर्षीची मापाची वही काढ.

वही काढली. तुला माहीत आहे, दर तीन महिन्यांनी मी माझं स्वतःचं मापही घेते, टेपवर नजर राहावी म्हणून. तुमच्याकडे आले तेव्हा वही बरोबर होती. एप्रिलच्या पानावर माझी कंबर, तीस. जानेवारीतही तीस. सगळ्या जगाला खोटं सांगितलं आणि वहीत खरं लिहून ठेवलं, हात शिंप्याचा तो काय करणार. बटणने ती ओळ वाचली, हसली, आणि मागची पानं उलटली. तिथे त्या बाईची कंबर तीनदा लिहिलेली: सत्तावीस, एकोणतीस, साडेएकतीस. तिने त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ.

“म्हणजे हे साडेचार इंच मी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

“मग माझं पहिलं माप पण तूच घेतलंस.”

पोरी, बावीस वर्षं ज्या गोष्टीची मला धडकी होती, तिने ती एका वाक्यात इस्त्री करून घडी घालून ठेवली. मग ते उडालेलं बटण मी डब्यातून काढून तिच्या हातात दिलं. तिला वाटायचं, गोल तोंड म्हणून आपलं नाव तसं.

तुला कळवायचं तिनेच ठरवलं. आज सकाळी म्हणाली, “ताईला आजच्या आज लिही, नाहीतर मी फोन करते.”

आता चौकशी. तू कशी आहेस? एवढंच विचारते.

मावशी


१९ मार्च

मावशी,

पाच दिवस मी तुझं पत्र हेल्मेटमध्ये घालून फिरले. पहिल्यांदा खूप राग आला. पुलाखाली लटकलेली असताना मोठ्याने बडबडले पण, खालच्या नावाड्याला वाटलं त्याला शिव्या देते आहे.

मग एका खांबाशी हातोडी मारत होते. वरून गिलावा सुरेख, आवाज मात्र पोकळ. असा आवाज मला वीस हातांवरून ओळखू येतो. आणि ह्या एका गोष्टीवर मी बावीस वर्षांत एकदाही ठोकून बघितलं नाही. का, तर मला ते सोयीचं होतं. तू सांगितलंस ते थोडं, बाकीचं मीच स्वतःला सांगत होते. तू एकटी दोषी नाहीस.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला आणि आपला शेरा स्वतःच्या हाताने खोडला. त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिची सगळी बीजं तिच्यात असतात म्हणे, नवी होत नाहीत. वयाबरोबर संपत जातात आणि उरतात त्यांतली बरीच कच्ची निघतात. पस्तिशीनंतर उतार वाढतो. ज्या घरात पाळी लवकर जाते तिथे तो आधीच सुरू झालेला असतो, कुणाला कळतही नाही. माझी संख्या चाळिशीतल्या बाईएवढी आहे. पण वय चौतीसच, म्हणून आहेत त्यांतली पुष्कळ अजून चांगली असावीत. मी विचारलं, तीन वर्षांनी आले असते तर? त्या म्हणाल्या, “कदाचित जमलं असतं. पण त्या कदाचितवर मी तुम्हाला घरी पाठवलं नसतं.”

यांचीही तपासणी झाली. पुरुषाचंही वय नडतं, फक्त हळूहळू. हे एक्केचाळीस. इतके लाजले की चिठ्ठी हातात घेऊन चुकून दातांच्या विभागात जाऊन बसले. सगळं ठीक आहे, फक्त सिगरेट बंद आणि कढत पाण्याने अंघोळ बंद.

दहा मार्चला मी सही केली नाही. साहेबांना खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, माझ्या बहिणीला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही.

मावशी, स्वतःचं घर उसवून तू मला कापड दिलंस. मी याचं काय करू, सांग.

बटणला माझा पापा. शिट्टी परत गळ्यात घालायला सांग.

तुझी हातोडी


३० मार्च

हातोडीबाई, माझा जीव भांड्यात पडला.

काय करू विचारतेस. काही करू नकोस, जेवून वेळेवर झोप.

वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आहे. काका म्हणतात, ह्या वयात परीक्षेला बसणार का. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच त्यात आहे, पण मला ते माझ्या पद्धतीने समजलं. प्रत्येकीला बटणांचा एक डबा मिळतो, जन्माच्या आधीच भरलेला. कुणाचा मोठा, कुणाचा लहान. दुकानात जाऊन भर घालता येत नाही. आमचा तिघींचा लहान होता, एवढंच. त्यात कुणाचा गुन्हा नाही. माझ्या सोळा वर्षांत मला हे कुणी सांगितलं असतं, तर मी स्वतःला इतका दोष दिला नसता.

आणखी एक वाचलं आणि मी शिवण खाली ठेवली. तुझी आई जेव्हा माझ्या आईच्या पोटात होती, तेव्हाच तिच्यात तुझं बीज तयार होतं. म्हणजे तू अर्धी तुझ्या आजीच्या पोटातून आली आहेस. तुझ्या आजीला मी चष्मा लावून शिवताना पाहिलं आहे. तेव्हा मला कुठे ठाऊक, तिने तुलाही पोटात वागवलं होतं.

पुढे काय ठरतं ते कळव. शिट्टी गळ्यात आहे.

मावशी


८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

उशीर झाला लिहायला. लिहिण्यासारखं नव्हतं.

बारा दिवस पोटात सुया घेतल्या. हे द्यायचे, कवळ्या घासणाऱ्या हाताने, तरी सुई कधी दुखली नाही. चार बीजं निघाली. दोन रुजली. एक माझ्यात ठेवलं, एक गोठवून ठेवलं आहे. जे ठेवलं ते टिकलं नाही. तेराव्या दिवशी कळलं. तू अंगरखे कपाटाच्या तळाशी ठेवायचीस ना, मला ते कपाट दिसलं.

मोठा पूल दुसऱ्याला गेला. मी इथल्या जुन्या पुलांवर आहे. वाईट वाटतं, पण वाटतं तेवढंच.

ऑक्टोबरमध्ये दुसरं ठेवतील. तेही नाही जमलं तर आणखी एकदा प्रयत्न, आणि मग बाकीच्या वाटा आहेत. विचित्र म्हणजे मला भीती वाटत नाही. यांनी परवा विचारलं, आपलं नसलेलं मूल आपल्याला आपलं वाटेल का? मी म्हटलं, माझी एक मावसबहीण आहे, तिच्या आईला विचारा. बटणलाच विचारून सांग ना, तिला खरं काय वाटलं? तू लिहिलंस ते गोडच लिहिलं असशील.

हातोडी


१७ ऑगस्ट

ताई,

आईने पेन माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन उभी आहे, दाराच्या फटीतून बघते आहे.

खरं सांगायचं तर मला वाटलं मी आता बदलणार. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, पोरांनी रोजच्याइतकाच गोंधळ घातला. संध्याकाळी घरी आले तर आईने रोजच्यासारखं विचारलं की पाय धुतले का. दोन आठवडे रडू यायचं, कशाने ते कळायचं नाही, पोहण्याच्या तलावात उतरले की थांबायचं. मग एक दिवस आईवर चिडले, खूप, वही लपवून ठेवली म्हणून. तिने ऐकून घेतलं आणि कपाटाची किल्ली मला दिली. आता वही माझ्याकडे असते.

मी त्या बाईंना पत्र लिहिलं. पत्ता आईकडे आहे, मी पाकीट तिच्याकडे दिलं, तिने टाकलं. उत्तर आलं. काय आलं ते मी आईलाही सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही, फक्त तीन दिवस माझी आवडती भाजी केली.

भाऊजींना सांग, आपलं वाटायला एक रात्रही लागत नाही असं आई म्हणते. मी म्हणते, विचारूच नका. मला कुणी विचारलं होतं का की ही बाई आई वाटते का?

ऑक्टोबरला मी येते आहे, तुझ्या शेजारी बसायला. शिट्टी आणते.

बटण


१४ जुलै

मावशी,

टेप तू पाठवलेलीच. आधी यांच्या पोलादी पट्टीवर ठेवून तपासली, बरोबर आहे. आता नीट लिहून घे.

डोकं साडेतेरा इंच. छाती तेरा. उंची एकोणीस आणि एक सूत, पाय ओढून धरला नाही, तिने स्वतःहून ताणला. मनगट मोजायला गेले तर तिने टेप मुठीत धरली आणि सोडली नाही.

मुलगी आहे, मावशी. दुसरं रुजलं ते टिकलं. नऊ महिने फोनवर मी तुला नुसतं “बरं आहे” म्हणत राहिले, आठवतं ना, तुझ्यासारखंच. कागदावर लिहिलं तर नजर लागेल असलं काहीतरी वाटायचं, माझ्यासारख्या शहाणीला.

हे तासन्‌तास तिच्या हिरड्या बघत बसतात. म्हणतात, अजून काही काम नाही.

दवाखान्यात एक माझ्याच वयाची बाई होती, शेजारच्या खाटेवर. माझी हकीकत ऐकून तिने विचारलं, तुम्हाला वेळेवर कसं कळलं? मी म्हटलं, माझ्या मावशीने सांगितलं. ती म्हणाली, नशीबवान आहात. मी म्हटलं, हो.

हातोडी


२२ जुलै

हातोडीबाई आणि छोट्या पाहुणीस खूप खूप आशीर्वाद.

आता चौकशी. तुझे टाके सुकले का? झोप मिळते का, की मिळत नाही? जावईबापूंनी हिरड्यांवरून नजर काढून जेवण केलं का? त्यांच्या आईंचा गुडघा काय म्हणतो, आता मांडी हवी आहे म्हणावं. मांजराला उशीवरून उठवलंत का? आणि तिची चौकशी कशी करू, ती अजून कुणाला उत्तर देत नाही.

तुझं पत्र बटणने मोठ्याने वाचलं, काकांसाठी. ‘एकोणीस आणि एक सूत’ इथे ते रडले. मग म्हणाले, डोळ्यात कचरा गेला, आणि म्हणाले, पुन्हा वाच, नीट ऐकू आलं नाही. चार वेळा वाचून घेतलं. नीट ऐकू येत होतं.

मापाची वही बटणने काढली. नवं पान घेतलं आणि तुझ्या लेकीची मापं स्वतःच्या अक्षरात लिहिली. मग मला म्हणाली, आई, जागा सोडून लिहिते, ही वाढणार. तिने त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, साडेचार लिहिलं आहे.

कपाटाच्या तळाशी सोळा वर्षांचे अंगरखे होते. तीन मी परवा बाहेर काढले, धुतले, उन्हात टाकले. कापड अजून मऊ आहे. तुझ्या लेकीच्या मापाला बसतील असे उसवून पुन्हा शिवले, आणि ते या पत्राबरोबर येत आहेत. ते फेकले नाहीत म्हणून मला काका चिडवायचे. मला वाटायचं मी स्वतःसाठी ठेवले आहेत. कुणासाठी ठेवले होते ते आता कळलं.

दर महिन्याला त्या चार दिवसांनी मला रडवलं, त्या बाईने साडेचार इंच दिले, तुझ्या आईने घर दिलं, तू मला माफ केलंस. सहावी गिऱ्हाईक पण परवा गावात आली होती. तिला मी वाटेतच गाठून माफी मागितली. तिला काहीच आठवत नव्हतं, तरी तिने ऐकून घेतलं. आता माझ्या मागे कुणाचं काही राहिलं नाही.

एकच राहिलं. बाळं फार झपाट्याने वाढतात, आणि शिंप्याने जुन्या मापावर विसंबू नये, हे मला आता कुणी शिकवायला नको. पंधरा दिवसांत तिला पुन्हा टेप लावायची, डोकं, छाती, उंची, आणि सोडत असेल तर मनगटही, आणि मला लगेच लिहायचं. वहीतली रिकामी जागा बटण रोज उघडून बघते आहे.

तुझी मावशी